यात्रेच्या माहितीपटाचे वेगवेगळे प्रसंग एका मुख्य टाइमलाइनवर कसे जोडावेत?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या गावात कित्येक वर्षांनी भरलेल्या महालक्ष्मी यात्रेवर आम्ही तिघे मित्र एक माहितीपट करीत आहोत. चित्रीकरण पूर्ण झाले आहे आणि संकलन प्रसंगवार केले आहे. रथाची बांधणी, देवीचे अक्षतारोपण, भंडाऱ्याच्या उधळणीत निघालेली रथाची मिरवणूक, देवी गदगेवर विराजमान होणे, माहेरवाशिणींचा ओटी भरण्याचा सोहळा आणि अखेरीस सीमेकडे प्रस्थान, असे प्रत्येक प्रसंगाचे स्वतंत्र सिक्वेन्स (म्हणजे क्लिपा क्रमाने जुळवलेल्या टाइमलाइन) प्रीमिअर प्रो या संकलनाच्या प्रणालीमध्ये तयार आहेत. कामाची वाटणीही तशीच झाल्यामुळे मिरवणुकीचे आणि प्रस्थानाचे सिक्वेन्स मित्राच्या संगणकावरील निराळ्या प्रोजेक्टमध्ये आहेत.

आता हे सगळे एका टाइमलाइनवर आणायचे आहे आणि येथे आमच्यात एकमत होत नाही. एका मित्राचे म्हणणे असे, की प्रत्येक सिक्वेन्स उचलून मुख्य टाइमलाइनवर तसाच ठेवावा, म्हणजे सहा मोठे ठोकळे एकापुढे एक लागतील. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सर्व क्लिपा कॉपी करून मुख्य टाइमलाइनवर मोकळ्याच पेस्ट कराव्यात, म्हणजे पुढे कुठेही हात घालता येईल. पहिल्या पद्धतीत टाइमलाइन सुटसुटीत दिसते, परंतु ध्वनीचे काम कसे करायचे ते कळत नाही. दुसऱ्या पद्धतीत सगळे समोर असते, परंतु इतक्या क्लिपांच्या गर्दीत एका ठिकाणी काही सरकले तर पुढचे सारे बिघडेल अशी भीती वाटते.

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याचे चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचे आहे, पण मिरवणुकीतील बरेचसे भाग गावातील मुलांनी मोबाइलवर घेतलेले असून ते ३० फ्रेमचे आहेत आणि मित्राने तो सिक्वेन्सही ३० फ्रेमचाच केला आहे. शिवाय काही मुलाखती मराठीत आणि काही कन्नडमध्ये असल्याने दोन्ही भाषांत उपशीर्षके द्यायची आहेत. चित्रपट आधी गावात पडद्यावर दाखवायचा आहे आणि नंतर यूट्यूबवर ठेवायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरकर (बेळगाव) यांचे उत्तर

आपल्या दोन्ही मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र ते कामाच्या दोन वेगळ्या टप्प्यांना लागू पडते. प्रसंगांच्या आत अजून बदल होणार असतील तोवर पहिली पद्धत, म्हणजे नेस्ट, सोयीची असते, कारण मूळ सिक्वेन्समध्ये केलेला बदल मुख्य टाइमलाइनवर आपोआप दिसतो. चित्राचा क्रम आणि लांबी कायमची ठरली, म्हणजे ज्याला आपण लॉक म्हणतो तो टप्पा आला, की मग मोकळ्या क्लिपांची टाइमलाइन तयार करावी आणि रंग व ध्वनी यांचे काम तिच्यावर करावे. चित्रपट फिल्मवर असताना संकलक रिळांच्या हिशेबाने काम करीत असत. ३५ मिलिमीटरचे १००० फुटांचे रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने साधारण ११ मिनिटे चाले आणि प्रत्येक रीळ स्वतंत्रपणे हाताळले जाई. आपले प्रसंगवार सिक्वेन्स म्हणजे त्याच शिस्तीचे आजचे रूप आहे, त्यामुळे आपण सुरुवात योग्य केली आहे असे मला मनापासून वाटते.

प्रीमिअरमध्ये टाइमलाइनच्या पॅनेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, चुंबकाच्या चिन्हाशेजारी, सिक्वेन्स नेस्ट म्हणून टाकायचा की सुट्या क्लिपा म्हणून, हे ठरवणारे एक बटण असते. ते चालू असेल तर प्रोजेक्ट पॅनेलमधून ओढून आणलेला सिक्वेन्स एकाच ठोकळ्याच्या रूपात बसतो आणि बंद असेल तर त्याच्यातील सर्व क्लिपा आपापल्या ट्रॅकवर उतरतात. बरेच जण या बटणाकडे लक्षच देत नाहीत आणि मग एकाच कृतीचा निकाल दोन संगणकांवर वेगवेगळा का आला याचा शोध घेत बसतात.

नेस्टच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मूळ सिक्वेन्समधील बदल वर दिसतो हे खरे, परंतु मुख्य टाइमलाइनवरील ठोकळ्याची लांबी आपोआप बदलत नाही. समजा, अक्षतारोपणाचा प्रसंग ६ मिनिटांचा आहे आणि आपण त्याच्या मध्यभागी १० सेकंदांची मुलाखत घातली. आता मूळ सिक्वेन्स ६ मिनिटे १० सेकंदांचा झाला, पण मुख्य टाइमलाइनवरील ठोकळा ६ मिनिटांचाच राहतो, म्हणजे प्रसंगाची शेवटची १० सेकंदे कापली जातात आणि प्रीमिअर त्याविषयी काहीही कळवत नाही. उलट मूळ सिक्वेन्स लहान केला तर ठोकळ्याच्या टोकाला तिरप्या रेषा दिसतात आणि तेथे काळा पडदा येतो. म्हणून प्रसंगाची लांबी बदलली, की लगेच मुख्य टाइमलाइन उघडून त्या ठोकळ्याचे टोक रिपल पद्धतीने, म्हणजे पुढचे सारे सोबत सरकेल असे, ट्रिम करावे आणि पुढचा सांधा पाहून घ्यावा. ही सवय लागली तर नेस्टइतकी सुरक्षित पद्धत दुसरी नाही.

मित्राच्या संगणकावरचे दोन सिक्वेन्स आणताना त्यांचा प्रोजेक्ट आपल्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करावा. तेथे संपूर्ण प्रोजेक्ट आणायचा की निवडक सिक्वेन्स, असे विचारले जाते. निवडक सिक्वेन्सच आणावेत, म्हणजे त्यांच्या चाचण्या आणि जुन्या आवृत्त्या सोबत येणार नाहीत. दोघांकडे चित्रीकरणाची एकाच रचनेची प्रत, त्याच फोल्डरांच्या नावांसह, असेल तर क्लिपा पुन्हा जोडून घेणे सोपे जाते. एकच फाइल दोनदा आली असेल तर एडिट मेनूमध्ये दुहेरी नोंदी एकत्र करण्याची सोय आहे. मात्र दोघांची प्रीमिअरची आवृत्ती सारखी आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे, कारण नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

हलगीनाद (निपाणी) यांचे उत्तर

शहापूरकरांनी चित्राच्या दृष्टीने योग्य सांगितले आहे. माझे काम मुख्यतः ध्वनीचे असल्यामुळे मला थोडा वेगळा आग्रह धरावासा वाटतो. यात्रेचा चित्रपट हा आवाजावर चालतो. हलगी, करडी मजल, सनई आणि गर्दीचा कल्लोळ यांच्या जोरावरच प्रेक्षक एका प्रसंगातून दुसऱ्यात जातो आणि हे आवाज प्रसंगाच्या सीमेवर नेमके थांबत नाहीत. नेस्टमध्ये त्या प्रसंगाचे सर्व आवाज मिसळून मुख्य टाइमलाइनवर एकत्रच येतात, त्यामुळे मुलाखत तशीच ठेवून फक्त हलगी पुढच्या प्रसंगात ओढून न्यायची म्हटले तर ते तेथे करता येत नाही. म्हणून मी लॉकची वाट फार काळ पाहू नये या मताची आहे. प्रसंगांचा क्रम निश्चित झाला आणि आतील कापाकापी बऱ्यापैकी स्थिरावली, की मोकळ्या क्लिपांकडे वळावे.

त्यापूर्वी एक काम न चुकता करावे. सर्व सिक्वेन्समध्ये ट्रॅकांची वाटणी एकसारखी करून घ्यावी. उदाहरणार्थ, पहिल्या दोन ध्वनिट्रॅकांवर फक्त मुलाखती आणि निवेदन, पुढच्या दोनवर प्रसंगाचा मूळ आवाज, त्यापुढच्या दोनवर वाद्ये, असे ठरवावे आणि प्रत्येक सिक्वेन्समध्ये ते पाळावे. एका मित्राने मुलाखत पहिल्या ट्रॅकवर आणि दुसऱ्याने चौथ्या ट्रॅकवर ठेवली असेल, तर एकत्र केलेल्या टाइमलाइनवर आवाज समतोल करणे फार कष्टाचे होते. पेस्ट करताना क्लिपांची आपापसातील वर-खाली मांडणी कायम राहते, पण ती मांडणी कोणत्या ट्रॅकपासून सुरू होणार हे टार्गेट केलेल्या (पेस्टसाठी निवडून ठेवलेल्या) सर्वांत खालच्या ट्रॅकवरून ठरते. तेव्हा पेस्ट करण्यापूर्वी चित्राचा पहिला आणि ध्वनीचा पहिला ट्रॅक टार्गेट आहेत याची खात्री करावी. साध्या पेस्टने प्लेहेडच्या (टाइमलाइनवरील चालू जागा दाखवणाऱ्या रेषेच्या) पुढे जे असेल त्याच्यावरच नव्या क्लिपा बसतात. मधल्या जागेत प्रसंग घालायचा असेल तर पेस्ट इन्सर्ट वापरावे, म्हणजे पुढचा भाग आणखी पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आवाजावरील इफेक्ट क्लिपवर लावलेला असेल तर तो क्लिपसोबत प्रवास करतो. परंतु ऑडिओ ट्रॅक मिक्सरमधून संपूर्ण ट्रॅकवर लावलेला इफेक्ट किंवा ट्रॅकचा आवाज कमी-अधिक केलेला असेल, तर क्लिपा कॉपी करून नेल्यावर तो मागेच राहतो. नेस्टमध्ये मात्र तो लागू असतो. त्यामुळे नेस्टमध्ये स्वच्छ ऐकू येणारी मुलाखत मोकळी केल्यावर अचानक घुमू लागते आणि कारण सापडत नाही. आपल्या सहाही सिक्वेन्सचे मिक्सर उघडून कुठे काय लावले आहे ते कागदावर उतरवून घ्या आणि मुख्य टाइमलाइनच्या ट्रॅकांवर तेच पुन्हा लावा. मार्करांचेही तसेच आहे. मार्कर्स मेनूमध्ये, पेस्ट करताना सिक्वेन्सचे मार्करही न्यावेत, अशी खूण करण्याची सोय आहे, ती केली नाही तर आपण जागोजागी लिहून ठेवलेल्या सूचना येणार नाहीत.

ध्वनीची पातळी प्रसंगवार मोजू नये, ती एकत्रित टाइमलाइनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजावी. युरोपीय प्रसारणाच्या आर-१२८ या मानकात ही पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आहे आणि यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ पर्यंत खाली आणते. मिरवणूक आणि ओटीचा सोहळा दोन्ही एकाच पातळीवर आणून ठेवले तर मिरवणुकीचा दणदणाट उरणारच नाही, म्हणून तो चढ-उतार संपूर्ण चित्रपटाच्या मानाने राखला पाहिजे.

मलप्रभाकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हलगीनाद ताईंनी सांगितल्याप्रमाणे मिक्सर उघडून पाहिले, तर ओटीच्या प्रसंगात मुलाखतीच्या ट्रॅकवर खरोखरच इफेक्ट लावलेला आहे. आता एक नेमकी अडचण मांडतो. ओटीच्या प्रसंगाचा शेवट एका आजींच्या हातांवर होतो. त्या खण-नारळ देवीपुढे ठेवतात, बोटांना लागलेला भंडारा कपाळाला लावतात आणि तेथेच सिक्वेन्स संपतो. त्यापुढे प्रस्थानाचा पहिला शॉट, शिवाराकडे निघालेली गर्दी, असा आहे. या दोहोंमध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत असतानाच दुसरे उमटणे, हवा आहे. दोन्ही नेस्ट शेजारी ठेवून डिझॉल्व्ह लावला, तर पुरेसे साहित्य नसल्याने काही फ्रेम पुन्हा दाखवल्या जातील, अशी सूचना येते आणि हात क्षणभर गोठल्यासारखे दिसतात. मूळ चित्रीकरणात तर हातांचा शॉट पुढेही बराच वेळ आहे. मग साहित्य नाही असे का म्हणते?

शहापूरकर यांचे उत्तर

कारण मुख्य टाइमलाइनला मूळ चित्रीकरण दिसत नाही, तिला फक्त आपला ओटीचा सिक्वेन्स दिसतो आणि तो त्या फ्रेमवर संपतो. सांध्याच्या मधोमध बसवलेल्या एक सेकंदाच्या डिझॉल्व्हला दोन्ही बाजूंनी अर्धा सेकंद, म्हणजे २५ च्या हिशेबाने १२-१३ फ्रेम, जास्तीच्या लागतात. आपण ओटीचा सिक्वेन्स उघडून शेवटचा शॉट दोन सेकंद लांबवा. मुख्य टाइमलाइनवरील ठोकळ्याची लांबी मी वर म्हटल्याप्रमाणे बदलणार नाही आणि या वेळी तेच आपल्या उपयोगाचे आहे, कारण वाढवलेली दोन सेकंदे ठोकळ्याच्या बाहेर राखीव राहतील आणि डिझॉल्व्ह ती वापरील.

प्रस्थानाच्या सुरुवातीला मात्र जपून. तेथे पहिल्या शॉटच्या आधी दोन सेकंद घातली, तर त्या सिक्वेन्समधील सर्व काही दोन सेकंदांनी पुढे सरकते आणि मुख्य टाइमलाइनवरील ठोकळ्यात तो सरकलेला भाग दिसू लागतो. ठोकळा जागच्या जागी ठेवून स्लिप टूलने आतला मजकूर नेमका दोन सेकंदांनी मागे घ्यावा लागेल. जे प्रसंग अजून मुख्य टाइमलाइनवर आणलेले नाहीत त्यांना आधीच दोन्ही टोकांना अशी राखीव सेकंदे ठेवावीत, मग सिक्वेन्स सोर्स मॉनिटरमध्ये उघडून इन आणि आउट खुणा कराव्यात आणि तेवढाच भाग टाइमलाइनवर घ्यावा.

घटप्रभेपलीकडून (चिकोडी) यांचे उत्तर

चर्चा उत्तम चालली आहे, पण फ्रेमच्या गतीचा मुद्दा मागे पडू नये, कारण या कामातील सर्वांत मोठा धोका तोच आहे. मुख्य टाइमलाइन २५ फ्रेमची ठेवावी. मिरवणुकीचा ३० फ्रेमचा सिक्वेन्स तिच्यावर नेस्ट म्हणून ठेवला, तर त्यातील कॅमेऱ्याच्या २५ फ्रेमच्या क्लिपा आधी ३० मध्ये आणि मग पुन्हा २५ मध्ये, अशा दोनदा रूपांतरित होतात. रथाच्या कळसावरून कॅमेरा संथपणे खाली येतो तेव्हा याचा धक्का लगेच जाणवतो. त्याच क्लिपा मोकळ्या करून २५ च्या टाइमलाइनवर आणल्या, तर त्या आपल्या मूळ गतीने चालतात. म्हणून एवढा एक प्रसंग नेस्ट न करता आत्ताच मोकळा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसे केल्यावर एक उपद्रव उरतो. ३० च्या मोजणीत जे काप ज्या फ्रेमवर होते ते २५ च्या मोजणीत तंतोतंत बसत नाहीत आणि जवळच्या फ्रेमवर सरकवले जातात, त्यामुळे अधूनमधून एका फ्रेमची फट राहते. पडद्यावर ती काळ्या ठिणगीसारखी चमकून जाते. सिक्वेन्स मेनूमध्ये पुढच्या फटीवर नेणारी आज्ञा आहे, तिने एकेक फट गाठून बंद करावी.

मोबाइलच्या क्लिपांचे दुखणे याहून निराळे आहे. बहुतेक मोबाइल स्थिर गतीने चित्रीकरण करीत नाहीत, फ्रेमची गती उजेडानुसार कमी-जास्त होत राहते, आणि लांब क्लिपमध्ये ओठ व आवाज यांची फारकत होते. अशा क्लिपा हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीतून स्थिर गतीच्या करून घ्याव्यात. त्या २५ च्या करू नयेत, ३० च्याच स्थिर कराव्यात आणि नाव तेच ठेवून प्रोजेक्टमध्ये पुन्हा जोडाव्यात. टाइमलाइनवर दर सहा फ्रेममागे एक फ्रेम गळेल, परंतु गर्दीच्या हलत्या दृश्यात ते सहसा खटकत नाही. पुन्हा जोडल्यावर प्रत्येक काप तपासणे मात्र आवश्यक आहे.

चित्राच्या आकाराविषयी आपण काही लिहिलेले नाही. काही सिक्वेन्स १९२० बाय १०८० चे आणि मुख्य टाइमलाइन ३८४० बाय २१६० ची, अशी सरमिसळ असेल तर नेस्ट आधी लहान आकारात तयार होते आणि मग ताणले जाते, त्यामुळे मूळ चित्रीकरण मोठे असूनही चित्र मऊ पडते. मोकळ्या क्लिपांमध्ये स्केल ५० टक्के केलेला असेल तर तो आकडा तसाच राहतो आणि चित्र मोठ्या चौकटीच्या मध्यभागी लहान होऊन बसते. गावातील प्रोजेक्टर आणि यूट्यूब या दोहोंसाठी १०८० पुरेसे आहे, तेव्हा सगळे एकाच आकारात ठेवावे हे बरे.

मी स्वतः डाविंची रिझॉल्व्ह ही संकलनाची व रंगकामाची दुसरी प्रणाली वापरतो. तेथेही एक टाइमलाइन दुसऱ्या टाइमलाइनवर ओढून ठेवता येते आणि नंतर तिच्यावर राइट क्लिक करून डीकंपोज इन प्लेस केले, की आतल्या क्लिपा मोकळ्या होतात. आपण आता संकलनासाठी प्रणाली बदलू नये, परंतु रंगांचे काम रिझॉल्व्हमध्ये करायचे ठरल्यास मोकळ्या क्लिपांची प्रत एक्सएमएलने (क्लिपा व काप यांची नोंद असलेल्या फाइलने) पाठवावी. प्रीमिअरमधील लुमेट्री या रंगसाधनाने केलेले रंग सोबत जात नाहीत. संपूर्ण चित्रपटाची एक साधी फाइल एक्सपोर्ट करून शेजारी ठेवावी आणि काप जुळतात का हे तिच्याशी ताडून पाहावे. भंडाऱ्याचा पिवळा कॅमेऱ्यात एक आणि मोबाइलमध्ये दुसराच दिसतो, तो जुळवण्यासाठी क्लिपा मोकळ्या असणे फार उपयोगी पडते.

मलप्रभाकाठ यांचा प्रतिसाद

आम्ही तिघांनी बसून असे ठरवले आहे. मिरवणुकीचा प्रसंग आजच मोकळा करून २५ च्या टाइमलाइनवर घेतो. बाकीचे पाच प्रसंग नेस्ट म्हणून क्रमाने लावतो, त्यांच्या टोकांना राखीव सेकंदे ठेवतो आणि तोपर्यंत ट्रॅकांची वाटणी सर्वत्र सारखी करून घेतो. गावातील जाणत्या मंडळींना हा कच्चा चित्रपट दाखवून विधींच्या क्रमाविषयी त्यांचे म्हणणे घेतल्यानंतर मुख्य टाइमलाइनची प्रत काढून ती मोकळी करू. नेस्टची मूळ टाइमलाइन पुसणार नाही. उपशीर्षके कोणत्या टप्प्यावर करावीत, एवढे सांगितलेत तर उपकार होतील.

हलगीनाद यांचे उत्तर

चित्र लॉक झाल्यानंतर मोकळ्या केलेल्या मुख्य टाइमलाइनवरच करावीत. प्रसंगवार केलेली उपशीर्षके एकत्र करताना प्रत्येकाची वेळ पुन्हा जुळवावी लागते. मराठीसाठी एक आणि कन्नडसाठी एक असे दोन स्वतंत्र कॅप्शन ट्रॅक ठेवावेत आणि दोन्हींच्या वेगळ्या एसआरटी फाइली (वेळेसह उपशीर्षकांचा मजकूर असलेल्या) काढाव्यात, म्हणजे यूट्यूबवर प्रेक्षक भाषा निवडू शकतील. गावातील पडद्यासाठी उपशीर्षके चित्रात छापलेली प्रत लागेल. त्यासाठी प्रीमिअरच्या प्रेफरन्समध्ये ग्राफिक्स विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपींचे निवडावे, अन्यथा देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या आणि कन्नडमधील ओत्तक्षरे (तिकडची जोडाक्षरे) सुटी पडतात. कन्नड मजकूर मात्र ती भाषा घरी बोलणाऱ्या व्यक्तीकडून एकदा वाचून घ्यावा.